अर्ज देखणा, पण भरणार कोण?

डहाणू : पालघर जिल्ह्यात आठ तालुके आहेत. वर्णानुक्रमाने मांडले तर जव्हार, डहाणू, तलासरी, पालघर, मोखाडा, वसई, वाडा आणि विक्रमगड असा त्यांचा क्रम लागतो. संगणकावरील एखाद्या अर्जात तालुका निवडण्यासाठी यादी उघडली, की डहाणू आणि तलासरी ही नावे एकाखाली एक येतात. दोन्हींमधले अंतर बाणाची कळ एकदा दाबण्याइतकेच असते. डोळस माणसाची चूक झाली तर ती त्याला लगेच दिसते. परंतु पडद्यावरचा मजकूर कानांनी ऐकून अर्ज भरणाऱ्या अंध व्यक्तीला संगणकाने निवडलेले नाव सांगितलेच नाही, तर काय होईल? डहाणू तालुक्यातील चिंचणीचा रहिवासी नकळत तलासरी निवडून पुढे जाईल. मग गावांच्या यादीत त्याला चिंचणी सापडणार नाही आणि ती का सापडत नाही, हेही कळणार नाही.

हा दोष त्या अर्जदाराचा नाही, संगणकाचाही नाही. बहुतेक वेळा तो अर्जाच्या सजावटीचा असतो. संकेतस्थळ आकर्षक दिसावे म्हणून अर्जातील साधे रकाने, चौकटी आणि याद्या काढून त्यांच्या जागी सुबक चित्रे बसवली जातात. दिसायला ती बटणेच असतात. परंतु मूळ बटणांत जी माहिती आणि जी वागणूक अंगभूत असते, ती या चित्रांत नसते. हे टाळणे अवघड नाही आणि त्यासाठी देखणेपणाचा त्याग करण्याचीही गरज नाही. ते कसे, हे समजून घेणे आज केवळ संगणक अभियंत्यांपुरते राहिलेले नाही. कारण सरकारी कार्यालयाची खिडकी आता पडद्यावर आली आहे.

खिडकी पडद्यावर आली

चर्चगेटपासून रेल्वेने सुमारे सव्वाशे किलोमीटरवर डहाणू रोड स्थानक आहे. त्याच्या उत्तरेला, गुजरातच्या हद्दीला लागून तलासरी तालुका. २०११ च्या जनगणनेनुसार डहाणू तालुक्याची लोकसंख्या चार लाखांहून अधिक, तर तलासरीची दीड लाखांहून अधिक आहे. दोन्ही तालुके आदिवासीबहुल. वारली समाज येथे मोठ्या संख्येने राहतो. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात येईपर्यंत हे तालुके ठाणे जिल्ह्यात होते आणि जिल्ह्याच्या कामासाठी लोकांना थेट ठाणे गाठावे लागे. नव्या जिल्ह्यामुळे मुख्यालय जवळ आले. त्याच सुमारास अर्जही ऑनलाइन होऊ लागले.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ मध्ये लागू झाला आणि ‘आपले सरकार’ संकेतस्थळावरून दाखल्यांसाठी अर्ज करण्याची सोय झाली. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, वय-अधिवासाचे प्रमाणपत्र यांसाठी आता अर्ज पडद्यावर भरता येतो. विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीसाठी ‘महाडीबीटी’ आहे, तर दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी केंद्र सरकारचे स्वतंत्र संकेतस्थळ आहे. आदिवासी विद्यार्थ्याला जातीच्या दाखल्यावाचून शिष्यवृत्ती नाही आणि दिव्यांगाला प्रमाणपत्रावाचून सवलत नाही. तेव्हा अर्ज भरता येणे ही येथे चैन नव्हे.

ज्यांना अर्ज भरता येत नाही, ते सेवा केंद्रात किंवा झेरॉक्सच्या दुकानात जातात. तेथे बसलेला तरुण त्यांच्या वतीने रकाने भरतो. ही मदत मोलाची आहे आणि अनेकांना ती पुढेही लागेल. परंतु वाचता-लिहिता येणाऱ्या, भ्रमणध्वनी सहज हाताळणाऱ्या अंध विद्यार्थ्यालाही केवळ अर्जाच्या रचनेमुळे दुसऱ्याचा हात धरावा लागत असेल, तर ते योग्य नव्हे. पासवर्ड दुसऱ्याला सांगावा लागतो, ओटीपी दाखवावा लागतो, उत्पन्न आणि आजार यांची माहिती चारचौघांत उच्चारावी लागते. शिवाय भरलेले बरोबर आहे की नाही, हे स्वतः तपासताही येत नाही.

साध्या चौकटीत दडलेले काय?

अंध व्यक्ती संगणक वापरतात तो ‘स्क्रीन रीडर’ या आज्ञावलीच्या आधारे. ही आज्ञावली पडद्यावरील मजकूर आवाजात वाचून दाखवते. ऑस्ट्रेलियातील मायकल करन आणि जेम्स टेह या दोन अंध संगणकतज्ज्ञांनी २००६ मध्ये सुरू केलेली ‘एनव्हीडीए’ ही अशीच मोफत आज्ञावली आहे. अँड्रॉइड भ्रमणध्वनीत ‘टॉकबॅक’ ही सोय असते. स्क्रीन रीडर पडद्याचे चित्र पाहून अंदाज बांधत नाही. पानामागील ‘एचटीएमएल’ संहितेतून ब्राउझर जी माहिती पुरवतो, ती तो प्रामुख्याने बोलून दाखवतो.

अर्जातील प्रत्येक घटकाबद्दल त्याला मुख्यतः तीन गोष्टी कळाव्या लागतात : नाव, प्रकार आणि सद्यस्थिती. उदाहरणार्थ ‘तालुका’ हे नाव, ‘यादी’ हा प्रकार आणि ‘तलासरी, आठपैकी तिसरे’ ही स्थिती. किंवा ‘वरील माहिती खरी आहे’ हे नाव, ‘चेकबॉक्स’ हा प्रकार आणि ‘टिक केलेली नाही’ ही स्थिती. एचटीएमएलमधील ‘इनपुट’ आणि ‘सिलेक्ट’ हे मूळ घटक प्रकार आणि स्थिती आपणहून कळवतात. नावासाठी ‘लेबल’ हा घटक त्या रकान्याशी जोडावा लागतो. एवढे केले, की तिन्ही गोष्टी पूर्ण होतात.

त्याखेरीज मूळ घटकांना वागणूकही असते. ‘टॅब’ची कळ दाबली की पुढच्या रकान्यावर जाता येते. ‘स्पेस’ने टिक होते. रेडिओ बटणांच्या गटात बाणांच्या कळांनी पर्याय बदलतो. यादीत पहिले अक्षर टंकले की त्या अक्षराच्या नावांवर उडी मारता येते आणि ‘एस्केप’ने यादी मिटते. भ्रमणध्वनीवर मूळ यादी उघडली, की तो आपली स्वतःची, बोटाला सहज सापडणारी निवडसूची पुढे करतो. हे सारे कोणतीही जादा संहिता न लिहिता, फुकट मिळते.

बिघाड कोठे होतो?

मग मूळ घटक बदलण्याचा मोह का होतो? त्याला कारण होते. पूर्वी प्रत्येक ब्राउझर चेकबॉक्स आणि याद्या आपापल्या पद्धतीने रंगवीत असे. इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये एक रूप, फायरफॉक्समध्ये दुसरे, सफारीत तिसरे. त्यांचा रंग, आकार बदलण्याची साधने अपुरी होती. संकेतस्थळाच्या रंगसंगतीत हे घटक विजोड दिसत. तेव्हा विकसकांनी एक तोडगा काढला : मूळ घटक लपवायचा आणि त्याच्या जागी आपल्या पसंतीचे चित्र ठेवायचे. त्यावर टिचकी मारली की जावास्क्रिप्टने चित्र बदलायचे.

लपवण्यासाठी बहुधा ‘डिस्प्ले : नन’ ही सीएसएसची सूचना वापरली गेली. घोटाळा येथेच झाला. या सूचनेने घटक डोळ्यांपासून लपतो तसाच तो कळफलकाच्या मार्गातून आणि स्क्रीन रीडरच्या यादीतूनही नाहीसा होतो. उरते ते केवळ चित्र. ‘टॅब’ त्याला ओलांडून पुढे जाते. स्क्रीन रीडर एक तर काहीच बोलत नाही किंवा नुसता शेजारचा मजकूर वाचतो. ही टिक करायची चौकट आहे, हे त्यातून कळत नाही. माउस चालवणाऱ्याला मात्र सारे सुरळीत दिसते. म्हणून कार्यालयातील तपासणीत हा दोष लक्षातही येत नाही.

ही स्थिती अपवादात्मक नाही. ‘वेबएम’ ही अमेरिकेतील संस्था दरवर्षी दहा लाख संकेतस्थळांची मुखपृष्ठे तपासते. तिच्या २०२४ च्या पाहणीत ४८.६ टक्के मुखपृष्ठांवर नाव न जोडलेले अर्ज-रकाने आढळले. म्हणजे जवळपास निम्म्या ठिकाणी, समोर रकाना आहे पण त्यात काय भरायचे हे स्क्रीन रीडरला निश्चितपणे सांगता येत नाही, अशी अवस्था होती.

लपवा, पण काढू नका

यावरचा उपाय एका वाक्यात सांगता येतो : मूळ घटक जागेवर ठेवावा, फक्त त्याचे रूप बदलावे.

चेकबॉक्सचे उदाहरण घेऊ. मूळ ‘इनपुट’ काढून टाकण्याऐवजी तो पूर्ण पारदर्शक करून सजवलेल्या चौकटीच्या नेमका वर, तेवढ्याच आकारात ठेवता येतो. डोळ्यांना खालची सुबक चौकट दिसते. बोट, कळफलक आणि स्क्रीन रीडर यांना मात्र वरचा खरा घटक भेटतो. टॉकबॅक वापरणारी व्यक्ती पडद्यावर बोट फिरवून घटक शोधते. म्हणून मूळ घटक पडद्याबाहेर दूर फेकण्यापेक्षा जागेवरच ठेवणे श्रेयस्कर. टिक झाली की सीएसएसमधील ‘चेक्ड’ ही अवस्था ओळखून सजावट बदलते. त्यासाठी जावास्क्रिप्टचीही गरज नसते.

आता तर एवढ्या खटाटोपाचीही आवश्यकता कमी झाली आहे. ‘अपिअरन्स : नन’ ही सूचना दिली, की ब्राउझरने दिलेले रूप गळून पडते आणि त्याच चेकबॉक्सला हवे तसे रंगवता येते. केवळ रंग बदलायचा असेल तर २०२१ पासून ब्राउझरांत येऊ लागलेली ‘अ‍ॅक्सेन्ट-कलर’ ही एका ओळीची सूचना पुरते. याद्यांची सजावट सर्वांत अवघड समजली जाई; तिच्यासाठीही क्रोम ब्राउझरने २०२५ मध्ये मूळ ‘सिलेक्ट’लाच मनाजोगते रूप देण्याची सोय केली. जे ब्राउझर ही सोय ओळखत नाहीत, त्यांत साधी यादी दिसते आणि काम अडत नाही.

रेडिओ बटणांबाबत आणखी एक दक्षता घ्यावी लागते. अर्जात ‘आपण दिव्यांग आहात काय?’ असा प्रश्न आणि खाली ‘होय’, ‘नाही’ असे दोन पर्याय असतात. डोळस व्यक्ती प्रश्न आणि पर्याय एकत्र पाहते. ‘टॅब’ने थेट पर्यायावर पोहोचलेल्या अंध व्यक्तीला मात्र नुसते ‘होय’ ऐकू येते. कशाला होय? त्यासाठी पर्यायांचा गट ‘फिल्डसेट’ने बांधून प्रश्न ‘लेजंड’मध्ये लिहावा लागतो. मग स्क्रीन रीडर आधी प्रश्न वाचतो, नंतर पर्याय.

जिल्हा, तालुका, गाव

महाराष्ट्रातील जवळपास प्रत्येक सरकारी अर्जात जिल्हा, तालुका आणि गाव अशा तीन याद्या ओळीने येतात. पहिलीत निवड केली की दुसरी भरते, दुसरीवरून तिसरी. या साखळीत अंध अर्जदारासाठी तीन खाचखळगे असतात.

पहिला खळगा घाईचा. काही ब्राउझरमध्ये मिटलेल्या यादीवर खालचा बाण दाबताच पहिले नाव निवडले जाते. त्याच क्षणी पान नव्याने उघडण्याची किंवा पुढे नेण्याची आज्ञा संहितेत असेल, तर माउसवाल्याला काहीच जाणवत नाही. परंतु कळफलकावर चालणाऱ्याचा घात होतो. राज्यातील ३६ जिल्ह्यांच्या वर्णानुक्रमात अकोला प्रथम येतो. पालघरला निघालेला अर्जदार पहिल्याच कळेला अकोल्यात उतरवला जातो. निवड पूर्ण झाल्याचे अर्जदाराने स्वतः, बटण दाबून किंवा पुढच्या रकान्यावर जाऊन कळवावे आणि तोवर पानाने जागचे हलू नये, हा त्यावरचा साधा नियम आहे.

दुसरा खळगा शांततेचा. तालुका निवडल्यावर गावांची यादी सर्व्हरवरून येते. तलासरीच्या डोंगरवस्तीत नेटवर्क क्षीण असेल तर तिला वेळ लागतो. पडद्यावर चक्र फिरते. ऐकणाऱ्याला मात्र काहीच कळत नाही. रिकामी यादी उघडून तो गोंधळतो. ‘गावांची यादी येत आहे’, ‘यादी तयार आहे’ अशी सूचना स्क्रीन रीडर आपणहून वाचेल, अशा रीतीने देता येते.

तिसरा खळगा बनावट यादीचा. मूळ ‘सिलेक्ट’ऐवजी नुसत्या ‘डिव्ह’ चौकटी रचून केलेली यादी उघडली आहे की मिटलेली, कोणत्या नावावर आपण आहोत, एकूण नावे किती, यांतले काहीच सांगत नाही. डहाणू आणि तलासरी यांची सुरुवातीला सांगितलेली गल्लत येथेच होते. शोधपेटीसारखी, नाव टंकताच पर्याय सुचवणारी यादी काही वेळा खरोखर सोयीची असते. ती करायचीच असेल, तर ‘एआरआयए’ या संकेतसंचाची मदत घ्यावी लागते.

‘वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम’ने २०१४ मध्ये प्रथम प्रमाणित केलेल्या या संचाने एखाद्या चौकटीला ‘ही यादी आहे’, ‘ती उघडी आहे’, ‘सध्या हा पर्याय निवडलेला आहे’ असे जाहीर करता येते. परंतु ते केवळ जाहीर करणे असते. बाणाच्या कळा, ‘होम’, ‘एंड’, ‘एस्केप’, पहिल्या अक्षराने उडी हे सारे विकसकाने स्वतः लिहावे लागते. पाटी लावली आणि दुकान बंद ठेवले, अशी गत अनेकदा होते. म्हणूनच मूळ घटकाने काम भागत असेल तर तोच वापरावा, हा एआरआयएच्या वापराचा पहिला नियम आहे. वेबएमच्या पाहणीतही हा संच वापरणाऱ्या पानांवर सरासरीने अधिक त्रुटी आढळल्या आहेत.

तारखेचा रकानाही असाच त्रास देतो. अनेक अर्जांत जन्मतारीख टंकता येत नाही. सजवलेली दिनदर्शिका उघडून महिना-महिना मागे जावे लागते. साठ वर्षांच्या व्यक्तीला आपल्या जन्ममहिन्यापर्यंत जाण्यासाठी ७२० वेळा बटण दाबावे लागेल. दिवस, महिना, वर्ष असे तीन साधे रकाने ठेवले तर काम काही क्षणांचे.

प्रश्न केवळ अंधांचा नाही

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख आणि महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने दिव्यांगत्वाचे प्रकार सातांवरून २१ वर नेले. परंतु सदोष अर्जाचा फटका या नोंदीबाहेरच्यांनाही बसतो.

चिंचणी-वरोर परिसरात दागिन्यांचे डाय कोरण्याचा व्यवसाय आहे. बारीक काम करणाऱ्या कारागिराची नजर चाळिशीनंतर जवळचे टिपेनाशी होते. त्याला फिकट राखाडी अक्षरे आणि पुसट कडा दिसत नाहीत. चिकूच्या वाडीत भर उन्हात भ्रमणध्वनी पाहणाऱ्या मजुराचीही तीच अडचण. जागतिक निकषांनुसार अक्षरे आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर किमान ४.५ : १ असावे, तर चौकटीची कडा आणि टिकेची खूण यांचे किमान ३ : १. वारली चित्रकार गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने पांढरी रेघ ओढतो; ती झोपडीच्या मंद उजेडातही उठून दिसते. अर्जाच्या चौकटीकडून अपेक्षा याहून वेगळी नाही.

कंप असलेल्या किंवा कष्टाने राठ झालेल्या बोटांना इवलीशी चौकट नेमकी दाबता येत नाही. २०२३ च्या ‘डब्ल्यूसीएजी २.२’ या निकषाने बोटाने दाबायच्या जागेचा आकार, काही अपवाद वगळता, किमान २४ बाय २४ पिक्सेल ठरवला आहे. लेबल रकान्याशी जोडलेले असेल तर शब्दांवर बोट ठेवले तरी टिक होते. म्हणजे अंधांसाठी केलेली सोय येथे डोळसांनाही कामी येते.

हात नीट न चालणाऱ्या काही व्यक्ती माउसऐवजी केवळ कळफलक वापरतात. आपण सध्या कोणत्या रकान्यावर आहोत, हे दाखवणारी ठळक कडा त्यांना लागते. ‘दिसायला बरी नाही’ म्हणून अनेक विकसक ती पुसून टाकतात. ही कडा केवळ कळफलक वापरतानाच दिसावी, अशी सोय ‘फोकस-व्हिजिबल’ या सूचनेने होते. तेव्हा ती पुसण्याचे कारण उरत नाही.

चूक दाखवण्याची रीतही तपासण्याजोगी आहे. रकान्याची कडा नुसती लाल केली, तर रंगांधांना ती कळत नाही आणि अंधांनाही नाही. ‘पिनकोड सहा अंकी हवा’ असे शब्दांत लिहून ते वाक्य त्या रकान्याशी जोडावे लागते. आणि नेटवर्क तुटल्यामुळे जावास्क्रिप्टची फाइल पोहोचलीच नाही, तर बनावट यादी निर्जीव राहते. मूळ ‘सिलेक्ट’ तेव्हाही उघडते. डोंगरातल्या गावाला याचे मोल अधिक.

मराठी अर्जाच्या खास अडचणी

मराठी संकेतस्थळांना आणखी दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली भाषेची नोंद. पान मराठी असूनही संहितेत भाषा इंग्रजी नोंदवलेली असेल, तर स्क्रीन रीडर इंग्रजी आवाजात देवनागरी वाचू पाहतो आणि शब्द गाळतो किंवा विद्रूप करतो. ‘एमआर’ ही दोन अक्षरांची नोंद केली की मराठी आवाज निवडला जातो. दुसरी गोष्ट युनिकोडची. एकेकाळी मराठी मजकूर विशिष्ट फॉन्टवर अवलंबून असे. दिसायला मराठी, आत मात्र रोमन अक्षरांची सरमिसळ. तसा मजकूर किंवा चित्ररूपात ठेवलेली लेबले स्क्रीन रीडरला निरर्थक असतात.

त्यातच लेबलाची भाषा. ज्याच्या घरात वारली बोलली जाते, त्याला ‘अधिवास’ किंवा ‘अनुज्ञेय’ हे शब्द प्रमाण मराठीच्या आवाजात ऐकूनही बोध होईलच असे नाही. रकान्याशेजारी एक सोपे वाक्य दिले आणि ते रकान्याशी जोडले, तर तेही वाचून दाखवले जाते. रकान्याच्या आत फिकट अक्षरांत लिहिलेली सूचना मात्र लेबलाची जागा घेऊ शकत नाही. टंकायला सुरुवात करताच ती नाहीशी होते.

कायदा काय सांगतो?

ही सारी सौजन्याची बाब आहे, असे मानण्याचे दिवस आता गेले. २०१६ च्या अधिनियमातील कलम ४२ नुसार माहिती व तंत्रज्ञान दिव्यांगांना सुगम असावे यासाठी सरकारने उपाय योजणे बंधनकारक आहे. कलम ४६ ने सेवा पुरवणाऱ्यांना, मग ते सरकारी असोत वा खासगी, नियम अधिसूचित झाल्यापासून दोन वर्षांची मुदत दिली होती. ते नियम २०१७ मध्ये आले. सरकारी संकेतस्थळांसाठी २००९ पासून मार्गदर्शक तत्त्वे आहेत. त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये निघाली. भारतीय मानक ब्युरोचे ‘आयएस १७८०२’ हे मानकही त्याच वर्षी नियमांत समाविष्ट झाले.

८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात सुगमतेचे निकष केवळ शिफारशीवजा ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारक हवेत, असा निर्वाळा दिला. त्यानंतर ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात न्या. जे. बी. पारडीवाला आणि न्या. आर. महादेवन यांच्या खंडपीठाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे स्पष्ट केले आणि २० निर्देश दिले. अ‍ॅसिड हल्ल्यात डोळ्यांना इजा झालेल्या व्यक्तीला ओळख पटवण्यासाठी कॅमेऱ्यासमोर पापणी मिटण्यास सांगितले जाते, अंध व्यक्तीला चौकटीत चेहरा धरण्यास सांगितले जाते, असे या प्रकरणाचे स्वरूप होते. ई-केवायसीचा तो पडदा म्हणजेही एक अर्जच.

जगात हा वाद जुना आहे. सिडनी ऑलिम्पिकच्या संकेतस्थळाविरुद्ध ब्रूस मॅग्वायर या अंध नागरिकाने १९९९ मध्ये तक्रार केली होती. पुढील वर्षी ऑस्ट्रेलियाच्या मानवी हक्क आयोगाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला आणि आयोजकांना २० हजार ऑस्ट्रेलियन डॉलरची भरपाई द्यावी लागली.

दहा मिनिटांची परीक्षा

अर्ज सर्वांना भरता येईल की नाही, हे पाहण्यासाठी महागड्या यंत्रणेची गरज नाही. अर्ज तयार करणाऱ्याने, आणि तो करून घेणाऱ्या अधिकाऱ्यानेही, माउस बाजूला ठेवून केवळ कळफलकावर तो पहिल्या रकान्यापासून ‘सादर करा’पर्यंत भरून पाहावा. कोठे अडते, कोठे आपण कुठे आहोत हेच कळेनासे होते, ते लगेच ध्यानात येते. पान ४०० टक्के मोठे करून रकाने एकमेकांवर चढतात काय, ते पाहावे. विंडोजमधील उच्च विरोधाची रंगसंगती सुरू करावी. पार्श्वभूमीचे चित्र म्हणून काढलेली टिकेची खूण त्यात नाहीशी होत असेल तर ती कडा किंवा अक्षर म्हणून काढावी. शेवटी एनव्हीडीए किंवा टॉकबॅक सुरू करून, पडदा न पाहता जिल्हा, तालुका आणि गाव निवडून दाखवावे.

यानंतरही रोज स्क्रीन रीडर वापरणाऱ्या व्यक्तींकडून तपासणी करून घेण्याला पर्याय नाही. डोळे मिटून दहा मिनिटे बसणारा आणि आयुष्यभर ऐकून वाचणारा यांच्या सवयी वेगळ्या असतात. मुंबईत १९५२ पासून कार्यरत असलेली ‘नॅब’ किंवा सेंट झेवियर्स महाविद्यालयात २००३ मध्ये सुरू झालेले दृष्टिहीनांसाठीचे साधन केंद्र यांसारख्या संस्थांमुळे अशा व्यक्ती शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही.

अर्ज बहुधा मुंबई, पुणे, ऐरोलीच्या वातानुकूलित कार्यालयांत, मोठ्या पडद्यांवर, वेगवान जोडणीवर तयार होतात. ते भरले जातात उधव्याच्या किंवा कासा गावच्या एखाद्या ओट्यावर, तडा गेलेल्या भ्रमणध्वनीवर. लेबल जोडण्यास एक ओळ लागते आणि मूळ यादी ठेवण्यास एकही जादा ओळ लागत नाही. त्या ओळी लिहिल्या गेल्या, तर यादीतून खाली उतरणाऱ्या अर्जदाराला ‘डहाणू’, मग ‘तलासरी’ असे स्पष्ट ऐकू येईल आणि आपले गाव कोणत्या तालुक्यात आहे, हे त्याला ठाऊक असतेच.